माहेर ४१३१०६, सासर ४१३१०२

इंदापूर माझं माहेर आणि बारामती सासर. मधे पन्नासएक किलोमीटर. लग्नानंतरची पहिली काही वर्षं दोन्ही घरांत फोन नव्हता, म्हणून दर पंधरा दिवसांनी अण्णांचं आंतर्देशीय पत्र यायचं. अण्णांचं किराणा दुकान होतं, अक्षर खतावणीतलं. पत्त्याच्या खालच्या सहा चौकोनांत ते एकेक आकडा असा बसवायचे, की चौकोनाच्या कडेला शाई लागायची नाही. ४१३१०२. मी उत्तर पाठवायची, त्यावर ४१३१०६.

अण्णा गेल्यावर ती पत्रं पत्र्याच्या ट्रंकेतून माझ्याकडे आली. तोवर जिल्हा परिषदेच्या शाळेतली माझी नोकरीही संपली होती. एका दुपारी पत्रं चाळताना मजकुराकडे बघवेना, म्हणून नजर पत्त्यावर ठेवली. मग भिंतीवरचं मागच्या वर्षीचं कॅलेंडर काढलं आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर त्या दोन संख्या मांडल्या. त्यानंतर जे उमगत गेलं, ते हे.

१. हजार वेळा लिहिलेली गोष्ट आपण एकदाही वाचलेली नसते. बारामती आणि इंदापूर पुणे जिल्ह्यात आहेत, पण पुणे शहराचे पिन ४११ ने सुरू होतात आणि आमचे ४१३ ने. ४१३ म्हणजे सोलापूर. सोलापूर शहर ४१३००१, पंढरपूर ४१३३०४, अकलूज ४१३१०१. अकलूजच्या लगेच पुढचा आकडा बारामतीचा. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल कुठे निवडलं जाणार ते सांगतात आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपलेच, मराठी. ते संस्कृतचे मोठे कवी होते. त्यांनी विलोमकाव्य लिहिलं, सरळ वाचलं तर रामाचं आणि उलट वाचलं तर कृष्णाचं. हे मला फार उशिरा कळलं. ज्याने देशाला सहा आकडी पत्ता दिला, तो माणूस अक्षरं उलटसुलट लावून त्यांतून नवा अर्थ काढणारा होता. पुढे मी त्या आकड्यांचं जे करणार होते तेही उलटसुलटच होतं.

२. संख्या फोडायला बसलं की आपला स्वभाव बाहेर येतो. चौथीच्या मुलांना मी वर्षानुवर्षं अवयव पाडायला शिकवले, पण पुस्तकातली संख्या फुटणारीच असते. ४१३१०२ सम आहे, म्हणजे २ ने भाग जाणार. उरले २०६५५१. त्याच्या अंकांची बेरीज १९, म्हणून ३ गेला. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ गेला. ७ ने भागलं, बाकी २. १७ ने भागलं, बाकी १. त्या एकने जीव हळहळला. १९ ने भागलं, पुन्हा बाकी २. अशा वेळी थांबायचं कुठे हे माहीत असावं लागतं. २०६५५१ चं वर्गमूळ ४५४ आणि ४५५ च्या मधे येतं, तेव्हा ४५४ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. २ सोडून त्या ८६ आहेत. मला तीन संध्याकाळी लागल्या. १०१ ला बाकी ६, ३३१ ला ७, ४०९ ला पुन्हा ६. शेवटचा भागाकार ४४९ चा, बाकी ११. म्हणजे २०६५५१ ही स्वतःच मूळ संख्या निघाली. बारामतीचा पिन म्हणजे २ × २०६५५१, त्यापलीकडे काही नाही.

मग इंदापूर घेतलं. ४१३१०६ ला २ ने भाग गेला, ३ ने गेला, पुढे ३१ ने गेला आणि उरली २२२१, तीही मूळ संख्या. २ × ३ × ३१ × २२२१. चहा निवायच्या आत काम झालं.

खरं सांगते, तेव्हा माझ्या मनात आलं की माहेर मोकळं आणि सासर बंद, आकड्यांनाही कळतं बघा. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या विचाराची लाज वाटली. लग्नानंतर डी.एड. पुरं करायला मला सासूबाईंनी लावलं. परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठून त्यांनी भाकरी थापल्या, त्याही न बोलता. २०६५५१ फुटत नाही यात बारामतीचा काही संबंध नाही आणि सासूबाईंचा तर नाहीच. संख्येवर मी माझी जुनी अढी लादली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅलेंडर घेऊन बसले, या वेळी फक्त आकड्यांसाठी.

३. मोठं काही करायला मोठी जागा लागते, हा माझा समज दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी मोडला. त्यांचा जन्म १९०५ साली डहाणूला. फर्ग्युसनमध्ये शिकले, बी.एस्सी. झाले आणि १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. त्यांनी १९४६ मध्ये ६१७४ चा गुण शोधला. चार आकडी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही आकडे एकच नकोत. आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा, त्यातून लहानाकडून मोठ्याकडे लावलेली संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं आणि पुढे हलत नाही, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. जगाने नीट कान दिला तो १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या सदरात लिहिल्यावर. मधली सगळी वर्षं हा माणूस वजाबाक्याच करत होता. मीही नोकरीभर वजाबाक्याच शिकवल्या. पण हातचा घ्यायला शिकवताना, ही वजाबाकी आपल्याला कुठेतरी नेते आहे, असं मला कधी वाटलं नाही. त्यांना वाटलं.

४. शून्याला आकडा मानायला मी अजून शिकतेच आहे. बारामतीचे आकडे उतरत्या क्रमाने लावले: ४, ३, २, १, १. आणि ४३२११ − ११२३४ करून मोकळी झाले. आलं ३१९७७. पुढे ८३९५२, ७४९४३, ६२९६४, ७१९७३ आणि परत ८३९५२. चार संख्या एकमेकींच्या मागे गोल फिरत राहिल्या. मी खूश होऊन त्यांच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढली. मग लक्षात आलं की संख्या सहा आकडी होती आणि माझ्याकडे पाचच उरले होते. मधलं शून्य मी वाटेत सांडलं होतं. खटकलं ते एवढ्यासाठी, की अण्णा ते शून्य सगळ्यात गोल काढायचे. चौकोन भरून.

५. शून्यासकट मांडलं तेव्हा जे घडलं, त्याने मी जागची हलले नाही.

४३२११० − ०११२३४ = ४२०८७६
८७६४२० − ०२४६७८ = ८५१७४२
८७५४२१ − १२४५७८ = ७५०८४३
८७५४३० − ०३४५७८ = ८४०८५२
८८५४२० − ०२४५८८ = ८६०८३२
८८६३२० − ०२३६८८ = ८६२६३२
८६६३२२ − २२३६६८ = ६४२६५४
६६५४४२ − २४४५६६ = ४२०८७६

सातव्या संख्येनंतर पहिली परत आली. सहा आकडी संख्यांना ६१७४ सारखं एकच ठिकाण नसतं. काही ५४९९४५ वर थांबतात, काही ६३१७६४ वर आणि उरलेल्या या सात संख्यांच्या फेऱ्यात येऊन पडतात. बारामतीचा पिन पहिल्याच वजाबाकीत त्या फेऱ्यात शिरतो. सातही संख्यांच्या अंकांची बेरीज २७ येते, हे मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

याला ‘चक्र’ म्हणावं असं वाटलं नाही. आमच्याकडे याला शब्द आहे, रिंगण. तुकोबांची पालखी बारामतीहून निघाली की सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. बेलवाडीला गोल रिंगण असतं. लहानपणी अण्णांच्या खांद्यावरून मी ते पाहिलंय. झेंडेकरी धावतात, तुळसवाल्या बाया धावतात, विणेकरी धावतात, मग अश्व. तो एकदा समोरून गेला की मी विचारायची, “गेला?” अण्णा म्हणायचे, “थांब, येतोय.” आणि तो यायचाच. कॅलेंडरच्या पाठीवर ६४२६५४ नंतरची वजाबाकी करताना माझा हात जरा थांबला. उत्तर माहीत नव्हतं, पण येतोय हे कळलं होतं.

६. आनंदाला साक्षीदार हवा असतो, हे मला इंदापूरच्या वजाबाकीने पटवलं. घरात कुणी नव्हतं. दुपारचे तीन वाजले होते, पंखा बंद होता, लाइट गेले होते. ४१३१०६ चे आकडे लावले: ६, ४, ३, १, १, ०.

६४३११० − ०११३४६ = ६३१७६४

पुन्हा लावले.

७६६४३१ − १३४६६७ = ६३१७६४

एका पावलात मुक्काम. इंदापूर पहिल्याच वजाबाकीत अशा जागी पोचलं, जिथून आता कुठे जायचं नाही. सासरची संख्या पहिल्या पावलात रिंगणात, माहेरची पहिल्या पावलात स्थिर. मी उठून दारापर्यंत गेले, समोर कुणी दिसतंय का पाहिलं, परत आले. अण्णा असते तर त्यांनी चष्मा कपाळावर घेऊन कागद जवळ धरला असता, स्वतः एकदा वजाबाकी करून पाहिली असती, मगच मान हलवली असती. दुकानातली कोणतीही बेरीज ते दोनदा केल्याशिवाय मानत नसत. म्हणून मीही दोनदा केली. दुसरी त्यांच्या वाटची.

७. गोष्टीचं कारण कळलं की तिचं नवल संपतं, असं मला आयुष्यभर वाटत आलं. ते खरं नाही. आठवडाभर मी त्या ६३१७६४ च्या मागे लागले आणि शेवटी दिसलं की या खेळात सहा आकड्यांपैकी एकही आकडा स्वतःच्या बळावर उभा नसतो. उपयोग होतो तो फक्त तीन फरकांचा. सगळ्यात मोठ्यातून सगळ्यात लहान, दुसऱ्या मोठ्यातून दुसरा लहान आणि मधल्या दोघांतला. इंदापूरचे फरक ६, ३, २. आणि ६३१७६४ चे आकडे लावले तर तिचेही फरक ६, ३, २. म्हणून ती हलत नाही. खात्री करायची तर ६३२००० घ्या. त्यातून २३६ वजा केले की ६३१७६४. बारामतीचे फरक ४, २, १. तेव्हा ४२१००० मधून १२४ वजा करा, ४२०८७६ येणारच. म्हणजे यात दैवी संकेत नाही. टपाल खात्याने क्रमाने आकडे दिले, इंदापूरच्या वाट्याला शेवटी ६ आला, बारामतीच्या २, आणि त्या चारच्या अंतराने सगळं बदललं.

हे समजल्यावर माझं नवल वाढलं. आधी मला वाटत होतं की ही संख्या माझ्याशी बोलते आहे. आता दिसलं की ती कुणाशीच बोलत नव्हती. मी जन्मले नसते, अण्णांनी एकही पत्र टाकलं नसतं, तरी ६४३११० मधून ०११३४६ गेले की ६३१७६४ च राहिले असते. ज्या घरात माणसं एकेक करून कमी झाली, त्या घराच्या पत्त्यात अशी न ढळणारी एक गोष्ट होती, याचा मला आधार वाटला. कसा ते नीट सांगता येणार नाही.

८. जवळचं लवकर पोचतं असं काही नसतं. नाद लागल्यावर मी आजूबाजूची सगळी गावं घेतली. अकलूज तिसऱ्या वजाबाकीत रिंगणात आलं. सोलापूरला पहिल्या वजाबाकीत ४२९९६६ येतात आणि पंढरपूरलाही नेमके तेच, मग दोघं बरोबरीने चौथ्या वजाबाकीत ४२०८७६ ला पोचतात, बारामतीच्याच दाराशी. आणि दौंड, ४१३८०१, बारामतीच्या गाडीचं दौंड, त्याला अकरा वजाबाक्या लागल्या. आठवीला मी धीर सोडला होता. मुलांना आठ पायऱ्यांचं गणित घातलं की ती अशीच खिडकीबाहेर बघायची आणि मी रागवायची. त्या मुलांची आठवण दौंडने काढून दिली.

९. दोन वाटा एकत्र याव्यात असं आपल्याला वाटतं म्हणून त्या येत नाहीत. हे सगळ्यात जड गेलं.

कापरेकरांचा आणखी एक खेळ आहे. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची, येईल त्यात पुन्हा तसंच, की संख्यांचा ओढा वाहू लागतो. काही संख्यांना मागून कुणीच येऊन मिळत नाही, त्या स्वयंभू. कापरेकरांच्या देवळालीवरून या संख्यांना देवळाली संख्याही म्हणतात. आमच्या दोन गावांच्या मधे तशी एक आहे, ४१३१०५. कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज घालून ती मिळत नाही. बारामतीला मात्र ४१३०८३ मधून यायला वाट आहे आणि इंदापूरला ४१३०८५ मधून. जिथे दोन ओढे मिळतात त्या संख्येला कापरेकरांनी नाव दिलं, जंक्शन. उदाहरणार्थ १०१. ९१ मध्ये १० मिळवा किंवा १०० मध्ये १, पोचता तिथेच. हा शब्द वाचला आणि मला हसू फुटलं, कारण बारामतीहून इंदापूरला येताना लासुर्ण्याच्या पुढे जंक्शन नावाचं गावच आहे. शेकडो वेळा त्या गावावरून गेले असेन.

साहजिकच मला वाटलं की माझ्या दोन संख्यांचं जंक्शन असणार. बारामतीचा ओढा सोडला: ४१३१०२, ४१३११३, ४१३१२६, ४१३१४३, ४१३१५९, ४१३१८२. इंदापूरचा सोडला: ४१३१०६, ४१३१२१, ४१३१३३, ४१३१४८, ४१३१६९. दोन रकाने करून मी कॅलेंडरचे चार महिने भरले. मिळेनात. मग ज्या कसोटीने चौथीची मुलं सुरुवात करतात ती लावली, तीनची. इंदापूरच्या संख्येला ३ ने भाग जातो. म्हणजे तिच्या अंकांच्या बेरजेलाही जातो. म्हणजे पुढच्या संख्येलाही जाणार, त्याच्या पुढच्याही, शेवटपर्यंत. बारामतीच्या संख्येला ३ ने भागल्यावर २ उरतात, पुढचीला १, मग २, मग १, शून्य बाकी कधीच नाही. हे दोन ओढे कितीही लांब वाहिले तरी मिळणार नाहीत. कागद संपल्यामुळे असं म्हणत नाही, हे सिद्धच आहे. मी बराच वेळ तशीच बसून राहिले. नाही म्हणणारं उत्तर इतकं स्वच्छ असू शकतं, हे मला आयुष्यात फार थोड्या ठिकाणी भेटलंय.

१०. या जूनमध्ये माझ्या भावाची नात बारामतीला शिकायला आली. भिगवण रस्त्याला विद्यानगरीत राहते. परवा वहिनीने इंदापूरहून तिच्यासाठी पार्सल टाकलं. शेंगदाण्याची चटणी, दोन चादरी आणि छत्री. ते सोडवायला ती माझ्याकडे आली, कारण कात्री माझ्याकडे होती. सुतळी कापताना मी पत्ता पाहिला. विद्यानगरीचा पिन ४१३१३३.

मी तिला थांबवलं, पार्सलचा कागद सपाट केला आणि पेन्सिल दिली. “पाठवणाऱ्याचा पिन बघ. त्याचे आकडे मिळव.”

“पंधरा.”

“घाल त्यातच.”

तिने लिहिलं, ४१३१२१. मी काही बोलले नाही. तिने आपणहून पुन्हा बेरीज केली, बारा, आणि मांडायला लागली. शेवटचे दोन आकडे लिहायच्या आत तिची नजर कागदाच्या मधोमध गेली, जिथे तिच्या आजीने ठसठशीत अक्षरात तिचा पत्ता लिहिला होता.